वाहत्या नदीच्या काठावरही

हजरत सअद (रजि.) वजू करीत होते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) तेथून जात असता त्यांनी पाण्याचा वापर पाहिला आणि ही उधळपट्टी कशासाठी, अशी विचारणा केली. सअद (रजि.) यांना नवल वाटले. वजू ही तर इबादतीची तयारी. तिच्यातही उधळपट्टी संभवते काय, असे त्यांनी विचारले. प्रेषितांच्या उत्तराचा आशय असा होता की, होय, तुम्ही वाहत्या नदीच्या काठावर बसलेले असलात तरीही संभवते.

ही हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदेविषयी हदीसशास्त्रज्ञांनी चर्चा केलेली आहे. तथापि तिचा आशय कुरआनच्या स्पष्ट आदेशाशी जुळणारा आहे आणि वजूमध्ये गरजेपेक्षा अधिक पाणी वापरणे फुकहांनी मकरूह ठरविले आहे.

वाचकहो, हे उत्तर आपण अनेकदा ऐकले असेल. परंतु त्यातील कोड्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नदीच्या काठावर कोणी चार ओंजळी पाणी जास्त घेतले, तर नदीचे काय कमी होते? सांडलेले पाणी उतारावरून पुन्हा नदीतच जाते. कोणी तहानलेला राहत नाही, कोणाचा हक्क बुडत नाही. ज्या कृतीने कोणाचेच नुकसान होत नाही, ती दोषास्पद कशी ठरते? घरातील पाणी, वीज, अन्न आणि इंधन यांचा वापर कसा करावा, या आजच्या प्रश्नाचे मूळ मला या कोड्यात दिसते. म्हणून आधी त्याचा विचार करू आणि मग आपल्या घराकडे वळू.

माझ्या पैशाचे आहे

उधळपट्टीविषयी बोलू लागले की पहिला युक्तिवाद पुढे येतो तो मालकीचा. नळपट्टी मी भरतो, विजेचे बिल माझ्या कमाईतून जाते, वलीमाचा खर्च मी कर्ज न काढता करतो. मग किती वापरावे आणि किती टाकावे हे मला कोणी का सांगावे?

इस्लामने खाजगी मालकी मान्य केली आहे, यात शंका नाही. पण ही मालकी अमानतीच्या स्वरूपाची आहे. तिर्मिजी यांनी नोंदविलेल्या एका हदीसचा आशय असा की, कियामतच्या दिवशी काही प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज माणसाचे पाऊल जागचे हलणार नाही. त्यांत संपत्तीविषयी दोन प्रश्न आहेत: ती कोठून मिळविली आणि ती कशावर खर्च केली. आपण बहुधा पहिल्याच प्रश्नाची तयारी करून बसतो. कमाई हलाल आहे, एवढ्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दुसरा प्रश्न तसाच उभा राहतो.

कुरआनने या दुसऱ्या प्रश्नासाठी दोन शब्द वापरले आहेत. एक इस्राफ. सूरह आराफच्या 31व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे आणि त्याच वाक्यात मर्यादा ओलांडू नका असे बजावले आहे. म्हणजे जे मुळात जायज आहे त्यातच प्रमाण सोडणे हा इस्राफ होय. दुसरा शब्द तबजीर. सूरह बनी इस्राईलच्या 26 आणि 27 या आयतींत नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचे हक्क देण्याचा आदेश आहे, आणि त्याला लागूनच संपत्ती उधळणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी दुसऱ्याचा हक्क, मग उधळणीचा निषेध. जे उधळले गेले ते कोणाच्या तरी वाट्याचे होते, असे ही रचनाच सुचविते.

आपली नदी

आता चंद्रपूरकडे पाहू. आपल्या शहराच्या नळाला येणारे पाणी प्रामुख्याने इरई धरणाचे आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्रही याच धरणाच्या पाण्यावर चालते. 2920 मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र राज्यातील सर्वांत मोठ्या वीजकेंद्रांपैकी आहे. 2010 च्या उन्हाळ्यात धरणातील साठा खालावला, तेव्हा या केंद्रातील वीजनिर्मितीलाच फटका बसला होता. घरातला दिवा आणि घरातला माठ एकाच तलावाला बांधलेले आहेत, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

एक साधा हिशेब करा. कोळशापासून एक युनिट वीज तयार करण्यासाठी साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण बरेच, सुमारे एक तृतीयांश असते. 75 वॉटचा पंखा रिकाम्या खोलीत तेरा-चौदा तास फिरत राहिला की एक युनिट खर्च होते. त्यापायी कोठेतरी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो आणि दोनशे ग्रॅमच्या आसपास राख मागे उरते. बिलात त्या युनिटची किंमत असते, राखेची नसते. ती किंमत दुर्गापूर-ऊर्जानगरच्या परिसरातील छपरे, शेते आणि फुफ्फुसे भरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, त्यात चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होते.

पुणे-मुंबईतल्या माणसाला ही राख दिसत नाही. आपल्याला ती दिसते. मार्च महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बोटाने पुसता येते. म्हणून 'मी पैसे भरले आहेत' हा युक्तिवाद आपल्या तोंडी तरी शोभत नाही. पैसे भरल्याने वस्तू विकत मिळते. तिच्यापायी दुसऱ्याने सोसलेला त्रास विकत घेता येत नाही. शेजाऱ्याचा हक्क हा हुकूकुल इबादपैकी आहे, आणि तो ज्याचा आहे त्यानेच माफ करावा लागतो.

माझ्या एकट्याने काय होणार

येथे दुसरा आणि अधिक अवघड आक्षेप येतो. एवढे प्रचंड वीजकेंद्र, एवढ्या खाणी. त्यापुढे माझ्या घरातला एक पंखा बंद केल्याने काय फरक पडतो? हा आक्षेप आळसातून येतो असे समजून तो झटकून टाकू नये. हिशेबाच्या दृष्टीने तो बराचसा खरा आहे. एका घराच्या काटकसरीने चिमणीचा धूर कमी झालेला कोणाला दिसणार नाही.

याचे उत्तर शोधताना नदीकाठच्या हदीसशेजारी दुसरी एक हदीस ठेवून पाहावी. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या या कथनाचा आशय असा: कियामत येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती रोप असेल, तर शक्य असल्यास ते त्याने लावून टाकावे. विचार करा. त्या रोपाला पाऊस मिळणार नाही, सावली धरणार नाही, फळ कोणी खाणार नाही. त्या लागवडीचा लाभ शून्य आहे. तरीही लावण्याचा आदेश आहे.

नदीकाठी हानी शून्य आहे, तरी उधळण वर्ज्य. कियामतच्या वेळी लाभ शून्य आहे, तरी लागवड इष्ट. दोन्ही ठिकाणी परिणामांचा हिशेब बाजूला ठेवलेला आहे. मग उरते काय? उरतो तो करणारा माणूस आणि त्याचे देणाऱ्याशी असलेले नाते. पाणी मुबलक असताना ते सांडणारा हात देणगीला देणगी मानीत नाही. त्याला ती फुकटची, बिनधन्याची वस्तू वाटते. नेअमतीची कदर ही टंचाई आल्यावर शिकण्याची गोष्ट नव्हे. टंचाईत तर कृतघ्न माणूसही जपून वापरतो. कदर खरी की खोटी याची कसोटी विपुलतेतच लागते, आणि म्हणून प्रेषितांनी (सल्ल.) वाळवंटातल्या माणसांना उदाहरण दिले ते नदीचे.

माझ्या मते कोड्याचे उत्तर हेच आहे. 'माझ्याने काय होणार' हा प्रश्न परिणामांचा आहे. त्याचे उत्तर आपल्या हाती नाही. 'मी कसा माणूस आहे' हा प्रश्न मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. सूरह तकासुरच्या शेवटी नेअमतींविषयी विचारणा होईल असे सांगितले आहे. ती विचारणा प्रत्येकाला त्याच्या वाट्याची होईल. सगळ्या शहराचे ओझे कोणा एका घरावर टाकले जाणार नाही. पण स्वतःच्या घराचे ओझे शहराच्या गर्दीत लपविताही येणार नाही.

गलबताचा तळमजला

तरीही एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. घरोघरी बचतीचा उपदेश करता करता, ज्यांच्या हाती मोठे निर्णय आहेत त्यांना आपण मोकळे सोडत नाही ना? आणि ज्यांच्या घरात उधळण्यासारखे काहीच नाही, त्यांच्याच डोक्यावर उपदेशाचे गाठोडे ठेवत नाही ना?

बुखारी यांनी हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून गलबताचा दृष्टान्त नोंदविला आहे. काही लोक वरच्या मजल्यावर, काही तळमजल्यावर. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे आणि वरच्यांना त्याचा उपद्रव होई. तेव्हा खालच्यांनी ठरविले की आपल्याच भागात एक भोक पाडावे, म्हणजे कोणाला त्रास नको. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील. हात धरला तर सगळेच वाचतील.

हा दृष्टान्त सांगताना आपण हात धरण्यापाशी थांबतो. खालची माणसे तहानलेली होती, हे विसरतो. भोक पाडण्याचा विचार त्यांच्या मनात आला तो तहानेतून आणि वरच्यांच्या कुरकुरीतून. ज्याला त्यांचा हात धरायचा आहे, त्याने पाण्याची वाटही मोकळी केली पाहिजे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा तळमजला डोळ्यांसमोर आहे. ताडोब्याच्या कडेची गावे, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीचा जंगलपट्टा, गडचिरोलीतील वस्त्या. येथील कितीतरी बाया सरपणासाठी, मोहफुलांसाठी, तेंदूपानांसाठी पहाटे जंगलात शिरतात आणि त्यांच्यापैकी काही जणी वाघाच्या हल्ल्यात जिवाला मुकतात. त्यांना 'झाड तोडू नका' असे सांगणे सोपे आहे. 2016 पासून उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅसची जोडणी पोहोचविली. पण सिलिंडर पुन्हा भरायला लागणारा पैसा प्रत्येक घरात नसतो. मग शेगडी कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, असे दृश्य दिसते.

येथे आपल्या हाती काही आहे. जकातीच्या पात्र गरिबाला भरलेले सिलिंडर किंवा त्याची रक्कम मालकीहक्काने दिली तर जकात अदा होते. शेजारी अन्य धर्माचा असेल तर नफली सदक्याला कोणतीही आडकाठी नाही. रमजानमध्ये आपण इफ्तारीची पाकिटे वाटतो. त्यासोबत दोन घरांच्या सिलिंडरची सोय करून पाहावी. एका बाईची जंगलातली एक फेरी वाचली, तरी पुण्य मोजणारा अल्लाह आहे. आणि जे कारखाने, खाणी व कार्यालये यांच्या हातात आहे, त्याविषयी ग्रामसभेत, नगरसेवकापाशी, जनसुनावणीत विनयाने पण स्पष्टपणे बोलणे, हेही नही अनिल मुनकरमध्येच मोडते. स्वतःच्या घरात पाणी मोजणारा माणूस तेथे बोलला, तर त्याच्या शब्दाला वजन येते.

घरात काय करावे

आता घराकडे वळू. पहिली गोष्ट वजूची. प्रेषित (सल्ल.) एका मुद्दभर पाण्यात वजू आणि एका साअभर पाण्यात, फार तर पाच मुद्दांत, गुस्ल करीत. फिकही मतभेद लक्षात घेता मुद्द म्हणजे सुमारे पाऊण ते एक लिटर. एक दिवस नळाखाली बादली ठेवून, नेहमीप्रमाणे तोटी सोडून वजू करा आणि किती पाणी जमले ते पाहा. दुसऱ्या दिवशी तांब्याने करा. उपदेशाची गरज उरणार नाही. मुलांना तर हा प्रयोग खेळासारखा आवडतो. वजूचे वापरलेले पाणी हनफी फिकहप्रमाणे पाक असते, फक्त त्याने पुन्हा वजू होत नाही. तेव्हा ते गटारात सोडण्याऐवजी अंगणातल्या लिंबाला, कढीपत्त्याला देण्यास काहीच हरकत नाही. मशिदीच्या वजूखान्यातील पाणीही झाडांकडे वळविता येते. विश्वस्तांनी याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट अन्नाची. आपल्या पूर्व भागात धान हेच जीवन आहे. एक किलो तांदूळ पिकण्यासाठी काही हजार लिटर पाणी लागते. ते पावसाचे, मामा तलावांचे पाणी असते आणि त्यात रोवणीसाठी दिवसभर चिखलात वाकून राहणाऱ्या बायांचे श्रम मिसळलेले असतात. सूरह अनआमच्या 141व्या आयतीत पिकाचा हक्क कापणीच्या दिवशी देण्याचा आदेश आणि उधळपट्टीची मनाई एकत्र आली आहे. जेवताना ताट, बोटे स्वच्छ करावीत, पडलेला घास उचलून साफ करून खावा, कारण अन्नाच्या कोणत्या अंशात बरकत आहे हे तुम्हाला ठाऊक नसते, अशी शिकवण मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. या शिकवणीची आठवण करून देणारा एक माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 च्या सुमारास धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपल्या, पेरल्या आणि त्यातून एचएमटी हे वाण उभे राहिले. 2018 साली ते निवर्तले, पण आज असंख्य घरांच्या ताटात तो भात आहे. मूठभर दाण्यांत काय दडले आहे, हे खरोखरच कोणाला ठाऊक असते? मग वलीमाच्या मांडवामागे अर्ध्या ताटांचा जो ढीग पडतो, त्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे? थोडे वाढावे, मागेल त्याला पुन्हा वाढावे, डेगीत उरलेले मांडव उतरण्याआधी गरजूंपर्यंत पोहोचवावे. यजमानाची इज्जत ताटात उरलेल्या बिर्याणीवर मोजण्याची रीत आपणच मोडली पाहिजे.

तिसरी गोष्ट भांड्यांची. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या व प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. बंदी नसती तरी पळसाच्या पानांच्या प्रदेशात पत्रावळी-द्रोण सोडून थर्माकोल आणण्याचे कारण काय होते? पत्रावळ मातीत मिसळते आणि ती टाचणाऱ्या हातांना दोन पैसे देते.

चौथी गोष्ट उन्हाळ्याची. पारा 47-48 अंशांवर जातो तेव्हा कूलर ही चैन राहत नाही. वृद्ध, आजारी आणि लहान मुले यांच्या जिवाशी खेळून वीज वाचवावी, असे शरीअत सांगत नाही. सूरह फुरकानच्या 67व्या आयतीत रहमानच्या बंद्यांचे वर्णन करताना उधळेपणा आणि कंजूषपणा या दोहोंमधला मार्ग दाखविला आहे. सगळ्यांनी दुपारी एकाच खोलीत, एकाच कूलरपुढे बसावे. गच्चीला चुना मारावा, खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावावेत, पाणी माठातले प्यावे. बाहेर निघताना शेवटच्या माणसाने बटणे पाहावीत.

हे ओझे कोणाचे

एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी. घरातली बचत बहुधा स्त्रीच्या कमरेवर येऊन पडते. भांड्यांचे पाणी झाडांना घालायचे, उरलेला भात टिकवायचा, ओला-सुका कचरा वेगळा करायचा. ठरवितो पुरुष आणि करते ती. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित (सल्ल.) घरात काय करीत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात मदत करीत. जो पुरुष पाण्याची बादली स्वतः उचलणार नाही, त्याने पाणी वाचविण्यावर घरात प्रवचन देऊ नये.

म्हणून हे निर्णय हुकमाने होऊ नयेत, मशवऱ्याने व्हावेत. सूरह शूराने परस्पर सल्लामसलत हे ईमानधारकांचे लक्षण सांगितले आहे. याचा एक वस्तुपाठ आपल्या शेजारी आहे. गडचिरोलीतील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने त्याआधी कित्येक वर्षे एक शिस्त पाळली होती: ग्रामसभेत निर्णय बहुमताने करायचा नाही, सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहायचे. जंगल त्यांच्या मालकीचे झाले तेव्हा ते ओरबाडण्याची मुभा मिळाली, असे त्यांनी मानले नाही. राखण्याची जबाबदारी मिळाली, असे मानले. अमानत हा शब्द त्यांच्या बोलीत नसेल, पण त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या आचरणात आहे. चांगली गोष्ट जेथे दिसेल तेथून घेण्यात मोमिनाला संकोच नसावा.

येत्या जुम्याला नमाजनंतर घरी परतल्यावर सर्वांनी एकत्र बसावे. आईला, सुनेला, मुलांना आधी बोलू द्यावे. आपल्या घरात सर्वाधिक काय वाया जाते, एवढाच प्रश्न ठेवावा. उत्तर पाणी असेल, भात असेल, वीज असेल. एकच गोष्ट निवडून महिनाभर सांभाळावी. प्रेषितांना (सल्ल.) अल्प का होईना, पण सातत्याने केलेले आचरण प्रिय होते.

इरईला पुढच्या पावसाळ्यात पूर येईल, धरण काठोकाठ भरेल, नळ दिवसभर वाहतील. हजरत सअद (रजि.) यांना दिलेल्या उत्तराची परीक्षा त्या दिवसांत आहे. अल्लाह आपणा सर्वांना विपुलतेत कृतज्ञ आणि टंचाईत संयमी राहण्याची तौफीक देवो. आमीन.